सात वळणांचा चढ

सोमवार, ता. ३

काल गाडी पाचव्या वळणावर थांबली. थांबली म्हणजे बंद पडली नाही. बंद पडण्यात निदान स्पष्टता असते. ही नुसती मंदावत गेली, एखाद्या व्याख्यात्याला आपला मुद्दा आठवेनासा व्हावा तशी. इंजिन चालू, आवाज नेहमीचा, चाकं मात्र 'आता पुरे' म्हणत असलेली. मागून एक सायकलस्वार आला, आमच्या खिडकीत डोकावला, आणि पुढे निघून गेला. तो चढावर होता आणि पायानं पायडल मारत होता, एवढं नोंदवून ठेवतो.

ही वही आजपासून सुरू करतो आहे. कारण गंभीर आहे. हिला डोंगरावरच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली आहे. याआधी दोनदा ही जागा हिच्या हातातून गेली. एकदा माझे वडील अंथरुणाला खिळले म्हणून हिनं स्वतःच नको म्हटलं, आणि एकदा हिच्यापेक्षा चार वर्षांनी कनिष्ठ अशा गृहस्थांना ती मिळाली, ज्यांचा आवाज मोठा होता. आता तिसरी वेळ. शाळा आठला भरते. वर जाणारी पहिली बस साडेदहाला पोचते. तेव्हा एक तर रोज गाडीनं जायचं, नाहीतर वरच खोली घेऊन आठवड्याचे पाच दिवस राहायचं. चोवीस तारखेपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. एक तारखेला रुजू व्हायचं आहे.

पत्र आलं त्याच क्षणी मी म्हणून बसलो, "खोली कशाला? मी सोडीन ना रोज!"

ही म्हणाली, "रोज?"

"रोज."

"सातला निघावं लागेल."

"निघू की." माझ्या आयुष्यात मी सातला जागा झालो तरी त्याची बातमी होते, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे विषय तिथेच थांबला.

चढाला वळणं सात आहेत. गाडी पाच चढते. उरली दोन. हातात तीन आठवडे. आणि मी कोण? चाळीस मैलांच्या परिसराचा वार्ताहर, आणि 'अनुमान' या साप्ताहिक सदराचा लेखक, ज्यात मी वाचकांना प्राचीन तर्कशास्त्राच्या आधारे रोजच्या गोष्टींची कारणं कशी शोधावीत ते शिकवतो. एका गाडीचं कारण मला सापडू नये?

गुरुवार, ता. ६

अकरावा लेख आला. विषय: 'लक्षण आणि कारण यांत गल्लत नको.' बरा उतरला आहे.

संपादक लेखकाच्या पाच प्रती पाठवतात. पुरवणी चार पानांचीच असते, पण पाच म्हणजे पाच. घरात एकच ठेवायची, असा हिचा कायदा आहे. "तुमचे लेख म्हणजे काही ताम्रपट नाहीत, एक पुरे," असं ही पहिल्याच आठवड्यात म्हणाली. उरलेल्या चार रद्दीवाल्याला द्यायच्या. आता, ज्यानं आपला लेख तराजूत पडताना पाहिला आहे त्यालाच माझी अडचण कळेल. रद्दीवाला वाचतही नाही, नुसता दाबून बघतो.

म्हणून मी एक मध्यम मार्ग काढला आहे, आणि तो फक्त या वहीला सांगतो. गाडीत चालकाच्या उजव्या पायाखालचा गालिचा विरून गेला आहे, खाली पत्रा दिसतो. तिथे रबरी मॅटच्या खाली मी दर गुरुवारी चारही प्रती घडी घालून, अगदी चापूनचोपून ठेवतो. ओलही शोषली जाते आणि लेखही राहतो. विद्या पायाखाली ठेवू नये असं माझे गुरुजी म्हणत. पण गुरुजींना कधी स्वतःचं सदर नव्हतं.

आणखी एक नोंद, मुद्द्याशी संबंध नाही. हल्ली उजवा गुडघा स्टिअरिंगला लागतो. चोपन्नाव्या वर्षी उंची वाढत असेल तर वैद्यकशास्त्रानं दखल घ्यावी.

शुक्रवार, ता. ७

मिस्त्रींकडे गाडी नेली. हा मनुष्य मला फार आवडतो. हात काळे, बोलणं स्वच्छ. त्यांची एक रीत आहे. गाडी आत आली की पहिलं काम म्हणजे आतली जमीन रिकामी करायची. मॅट, पिशव्या, छत्री, जे काही असेल ते उचलून भिंतीवरच्या फळीवर मांडायचं, आणि खाली आपलं एक धुतलेलं गोणपाट अंथरायचं. मग चपला काढून अनवाणी गाडीत बसायचं.

"अनवाणी का?" मी विचारलं.

"बुटातनं गाडी कळत नाही, साहेब. तळव्याला सगळं कळतं."

दुसरी रीत अशी की मालकाला शेजारी बसवून ते गाडी कधीच फिरवून बघत नाहीत. "मालक शेजारी असला की मालकच ऐकू येतो, गाडी नाही." हे मला मनापासून पटलं, कारण मी बाहेर उभा असतानाही बोलत होतो.

ते एकटे गेले, अर्ध्या तासानं आले. "काही नाही हो हिला. वाऱ्यासारखी पळते."

"चढावर?"

"नदीच्या पुलाचा चढ चढली की."

"तो काय चढ आहे!"

"बरं, प्लग साफ करून देतो. तुमच्या समाधानासाठी."

आणि मग फळीवरची एकेक वस्तू होती तिथे, होती तशी परत ठेवली. अशी सचोटी आता दुर्मीळ झाली आहे.

रविवार, ता. ९

चौथं वळण.

प्लग साफ केल्यावर एक वळण कमी व्हावं, यावर काय बोलायचं! ही शेजारी बसली होती. खिडकीतून वर बघत राहिली. तिथून शाळेचं लाल छप्पर दिसतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

उतरताना गाडी छान पळाली. उतारावर माझंही सगळं नीट चालतं.

सोमवार, ता. १०

मेहुणा आला होता. मेहुण्याला गाड्यांतलं सगळं कळतं. त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे ज्ञानात अनुभवाची भेसळ झालेली नाही.

"भावोजी, पेट्रोल पंप गेला तुमचा."

"पण सपाटीवर व्यवस्थित चालते रे."

"मग सायलेन्सर तुंबलाय."

"मिस्त्रींनी पाहिला."

"मग पेट्रोलमध्ये पाणी आहे. नाहीतर इंजिनचा जीवच गेलाय. किती वर्षं झाली? तेरा? मग संपलीच." असं म्हणून त्यानं बॉनेटवर दोनदा थाप मारली, डॉक्टर नातेवाइकांच्या खांद्यावर मारतात तशी. "ताई, तू आपली वर खोली बघ."

ही चहा ओतत होती. म्हणाली, "बघितलीय. शाळेच्या मागेच आहे. पूर्वेला खिडकी आहे."

मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे हिनं आधीच बघून ठेवली आहे. बायकांची तयारी पुरुषांच्या आश्वासनांच्या नेहमी एक पाऊल पुढे असते, असं वाक्य सुचलं. सदरात वापरता येईल का? नको, ही वाचत नसली तरी मेहुणा नेमका तेवढाच लेख वाचेल.

गुरुवार, ता. १३

बारावा लेख. प्रती नेहमीच्या ठिकाणी.

शनिवार, ता. १५

मिस्त्रींना सांगितलं, पूल नको, सात वळणांचा चढच चढून या. नवीन एअर फिल्टर बसवून ते गेले. मी गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून राहिलो. सव्वा तासानं परत आले ते हातात बिस्किटाचा पुडा घेऊन.

"हे काय?"

"वरच्या नाक्यावरच्या दुकानातला. पुरावा. तुम्ही पुरावा मागणार हे माहीत होतं मला. सातही वळणं तिसऱ्या गिअरात, साहेब. मध्ये एक ट्रक मागे टाकला."

मी पुडा उलटसुलट करून पाहिला. पुरावा निर्दोष होता. बिस्किटंही.

निघताना ते मॅट ठेवत म्हणाले, "तुमचे पेपर होते खाली. जसेच्या तसे ठेवलेत हां, एकही इकडचा तिकडे नाही. चार-दोन वाचले मी. ते धूर आणि आगीचं छान होतं. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग असणार, ते."

मला इतका आनंद झाला की मी गाडीबद्दल विचारायचं विसरलो. बारा आठवड्यांत भेटलेला हा पहिला वाचक.

रविवार, ता. १६

तिसरं वळण. मिस्त्रींनी ट्रक मागे टाकला त्या जागेपासून बरंच खाली.

मंगळवार, ता. १८

आता पद्धतशीर विचार करतो. जे ज्ञात आहे ते असं. गाडी मिस्त्रींच्या हातात चढते, माझ्या हातात चढत नाही. गाडी तीच, पेट्रोल तेच, डोंगर तोच. म्हणजे फरक चालकाचा. पण मी तीस वर्षं गाडी चालवतो आहे आणि पाय अगदी तळापर्यंत दाबतो. याहून अधिक दाबायला पायच शिल्लक नाही.

दुसरं निरीक्षण: दर आठवड्याला एक वळण कमी. पाच, चार, तीन. या हिशेबानं पुढल्या महिन्यात ती फाटकातून बाहेर पडणार नाही. इतकी नियमित घसरण झिजेनं होत नाही. झीज अशी कॅलेंडर बघून चालत नाही. आठवड्यातून एकदाच घडणारी कोणती तरी गोष्ट तिला बाधत असावी. आठवड्यातून एकदा काय घडतं? पेट्रोल मी केव्हाही भरतो. धुतो केव्हाही, म्हणजे कधीच नाही. गुरुवारी माझा लेख येतो. यापलीकडे काही नाही. आणि एकापाठोपाठ दुसरं आलं म्हणजे पहिलं दुसऱ्याचं कारण होत नाही, हे मीच आठव्या लेखात सोदाहरण दाखवलं आहे. तेव्हा ती दिशा बाद.

हिला हे सगळं वाचून दाखवलं. स्वेटर विणत ऐकत होती. म्हणाली, "मिस्त्रींना शेजारी बसवून घेऊन जा की एकदा."

"ते मालकाबरोबर बसत नाहीत."

"तुम्ही विचारलंत?"

विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते नको आहे. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाकडे मिस्त्री शेजारी बसून बघणार. परीक्षकासमोर श्लोक म्हणताना माझी जी अवस्था होत असे तीच पुन्हा व्हायची.

गुरुवार, ता. २०

तेरावा लेख. विषय सांगत नाही, कंटाळवाणा आहे. प्रती ठेवताना मॅट नीट बसेना, टाचेनं दाबून बसवली.

ही बाजारातून विजेची किटली घेऊन आली. "खोलीवर लागेल," म्हणाली. डब्यावर लिहिलं होतं, 'दोन कप'. एकटीला दोन कपांची किटली! हिचा चहा वाढला आहे. वर गेल्यावर आणखी वाढेल.

रविवार, ता. २३

लिहावंसं वाटत नाही, पण वहीला सुट्टी दिली तर ती माझ्यासारखी होईल.

उद्या उत्तर द्यायचं, म्हणून आज शेवटचा प्रयत्न केला. दुसऱ्या वळणावर गाडी थकली. दुसऱ्या! मी पाय दाबून धरला, इतका की पोटरीत गोळा आला. गाडी बैलगाडीच्या वेगानं सरकत होती. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. शेवटी कडेला घेतली.

मग ही समोर बघतच म्हणाली, "अहो, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"गाडी चढत नाही, की तुमच्या मनातच नाही?"

"म्हणजे काय? मी काय मुद्दाम करतोय?"

"मुद्दाम म्हणत नाही मी. मिस्त्रींबरोबर चढते. तुमच्याबरोबर चढत नाही. आणि मिस्त्रींना शेजारी बसवा म्हटलं तर ते तुम्हाला नको असतं. मग मी काय समजायचं?"

"तर्कदृष्ट्या यातून एवढंच निघतं की..."

"तर्क नको हो," ही म्हणाली. "मामंजींच्या वेळी मी माझ्या मनानं नाही म्हटलं. ते मला कधी जड गेलं नाही. पण या वेळेला तुम्ही हो म्हणायचं आणि गाडीनं नाही म्हणायचं, हे मला सोसत नाही. त्यापेक्षा तुम्हीच नाही म्हणा."

तेरा लेख लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचलं नाही. गाडी वळवली. उतारावर ती सुरेख धावली.

सोमवार, ता. २४

हिनं होकार कळवला. खोलीही घेतली. सोमवार ते शुक्रवार वर, शनिवार-रविवार खाली. मला सांगितलं ते मोलकरणीला सांगावं तसं: दूध अर्धा लिटर पुरेल, आणि गॅसचं बटण नीट बंद करत जा.

बुधवार, ता. २६

आज स्वतःचीच उलटतपासणी घेतली. बातमीदार दुसऱ्यांची घेतो, तेव्हा नियम माहीत आहेत.

प्रश्न: तू हिच्या जागेबद्दल खूश आहेस का? उत्तर: आहे. प्रश्न: पूर्ण? उत्तर: साक्षीदार घोटाळला. पंचवीस वर्षं सकाळी उठल्यावर मला स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज ऐकू येतो. तो आवाज पाच दिवस डोंगरावर राहायला जाणार. हे मला नको आहे, हे खरं. ही वर मुख्याध्यापिका आणि मी खाली अर्धा लिटर दूध, हे चित्रही फारसं शोभिवंत नाही, हेही खरं. पण म्हणूनच तर मला गाडी चढायला हवी आहे! गाडी चढली तर ही रोज घरी येते. ती चढू नये असं मला वाटण्यात माझाच तोटा आहे. हे मी हिला रविवारी का सांगितलं नाही?

कारण सहाला उठायचं मला जिवावर आलं होतं. तेवढंच. मनात तेवढी एक लहानशी अढी होती. आणि ती या बाईनं दुसऱ्या वळणावर, माझ्या आधी, अचूक ओळखली. पण अढीनं गाडी अडते का? माझ्या मनात इतकी ताकद असती तर मी आज संपादक असतो.

गुरुवार, ता. २७

चौदावा लेख. प्रती ठेवल्या. हिला सांगितलं, मिस्त्रींना शेजारी बसायला विचारतो.

"आता कशाला?" म्हणाली. "खोली झाली की."

"मला कळायला हवं."

हिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं. मग मीपण येते. मागे बसते."

रविवार, ता. ३०

सविस्तर लिहितो. शास्त्राच्या इतिहासात नोंद राहावी म्हणून.

मिस्त्री प्रथम नाहीच म्हणत होते. मग ही स्वतः गॅरेजच्या दारात गेली आणि म्हणाली, "भाऊ, मला एक तारखेला वर जायचंय. तुम्ही बसलात तर बरं होईल." मिस्त्री हात धुवायला गेले.

मी चालवायला बसलो, मिस्त्री शेजारी. सवयीनं ते माझ्या पायाखालची मॅट काढायला वाकले, पण मी आधीच पाय टेकला होता. "राहू दे, राहू दे," म्हणून ते मागे झाले. स्वतःच्या चपला मात्र काढून मांडीवर घेतल्या. मागच्या सीटवर ही, किटलीचा डबा घेऊन. ती खोलीवर पोचवायची होती, गाडी चढली तर.

पहिलं वळण घेतलं, आणि दुसऱ्याच्या आधीच ती मंदावली. मी म्हटलं, "बघा. ऐका आता इंजिन."

मिस्त्री इंजिन ऐकत नव्हते. ते खाली, माझ्या उजव्या पायाकडे बघत होते.

"साहेब, दाबा."

"दाबलंय."

"अजून दाबा."

"अहो, पूर्ण दाबलंय! तळाला टेकलंय."

"तळाला टेकलंय ते दिसतंय मला," मिस्त्री म्हणाले. "कशाच्या तळाला?"

"म्हणजे?"

"गाडी कडेला घ्या बरं."

घेतली. ते उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि म्हणाले, "पाय वर." मी पाय वर घेतले, खुर्चीखाली झाडू मारताना मुलं घेतात तसे. त्यांनी मॅट उचलली.

आता मी स्वतः ते पाहिलं. चौदा आठवडे, दर आठवड्याला चार, एकूण छप्पन्न प्रती. माझ्या टाचेनं आणि दाबून बसवण्याच्या माझ्या कसबानं त्यांचा घट्ट, गुळगुळीत पाट तयार झाला होता, चांगला दोन बोटं जाड. अॅक्सिलरेटर खाली येऊन त्यावर टेकत होता आणि तिथेच थांबत होता. निम्माही खाली जात नव्हता. मी ज्याला तळ समजत होतो तो माझाच लेखसंग्रह होता.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, मॅटचं काळं कपाळाला लागलं. "अरे देवा! माझ्याच हातानं उचलून फळीवर ठेवायचो मी. गाडी पळायची. आणि मग माझ्याच हातानं परत ठेवायचो. जसेच्या तसे!" ते माझ्याकडे वळले. "साहेब, हे पेपर कुठे तरी पोचवायचे असतील असं वाटलं मला. तुमचं लिहिलेलं, म्हणून जपून ठेवत होतो."

म्हणजे माझी गाडी अडवली ती माझ्या एकुलत्या एका वाचकाच्या आदरानं.

माझा गुडघा का लागत होता, तेही कळलं. उंची वाढली नव्हती. वाढली होती ती जमीन.

मी मागे वळून बघायला धजलो नाही. मग हिनं हात पुढे केला. "द्या बघू ती वरची." मिस्त्रींनी वरची प्रत दिली. चौदावी. हिनं चष्मा लावला आणि मोठ्यानं शीर्षक वाचलं:

"'कारण बहुधा आपल्याजवळच असते.'"

मिस्त्रींनी आधी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग ही हसायला लागली. किटलीचा डबा मांडीवरून घसरला तरी हसत होती. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसायची आणि शीर्षकाकडे बघून पुन्हा हसायची. पंचवीस वर्षांत मी हिला इतकं हसवलेलं नाही, आणि मी काही केलेलंही नव्हतं.

हसू ओसरल्यावर म्हणाली, "म्हणजे गेल्या रविवारी तुम्ही खरंच पूर्ण दाबत होतात."

"पायानं पूर्ण," मी म्हणालो. "मनानं थोडं कमी. सहाला उठायचं म्हणून. तेवढंच, शपथेवर."

"ते माहीतच होतं मला." मग प्रत घडी घालत म्हणाली, "हा लेख मी गुरुवारीच वाचला होता. त्यात तुम्ही चष्मा डोक्यावर ठेवून शोधणाऱ्या माणसाचं लिहिलंय. मला वाटलं, निदान या आठवड्यात तरी स्वतःचं वाचतील."

ही वाचते! कपाटातली ती एक प्रत ही वाचते. दर आठवड्याला. हे मला चौदा आठवड्यांनी, रस्त्याच्या कडेला, पाय वर घेतलेल्या अवस्थेत कळलं.

गठ्ठा डिकीत टाकला. मिस्त्री म्हणाले, "आता दाबा." मी दाबलं. पाय खाली, खाली, आणखी खाली गेला. तिथे जागा होती हे मी विसरूनच गेलो होतो. गाडीनं अशी उसळी घेतली की मिस्त्रींच्या मांडीवरची एक चप्पल खाली पडली. दुसरं वळण, तिसरं, चौथं. पाचव्यावर तो सायकलस्वार होता, नाहीतर त्याच्यासारखा कुणी. मी त्याला मागे टाकलं आणि हॉर्न वाजवला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तो सायकलवर आहे." मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. जुना हिशेब आहे."

सातवं वळण. लाल छप्पर अगदी समोर.

सोमवार, ता. ३१

मी सकाळीच म्हणालो, "मग आता खोलीला नाही म्हणून कळवतेस ना?"

"महिनाभर राहू दे," ही म्हणाली.

"का? गाडी तर झाली नीट."

"गाडीची खात्री झाली माझी. तुमची एका महिन्यानं बघू." आणि घड्याळाचा गजर सहाला लावून माझ्या उशाशी ठेवला. आता तो तिथे बसून माझ्याकडे बघतो आहे.

मंगळवार, ता. १

सहाला उठलो. गजराच्या आधी उठलो असं लिहिणार होतो, पण ही वही खाजगी आहे, तेव्हा खोटं बोलण्यात फायदा नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उठलो. सातला सात मिनिटं असताना फाटकाबाहेर. चढ तिसऱ्या गिअरात. दुसऱ्या वळणावर हिनं एकदा माझ्या पायाकडे बघितलं.

साडेसातला वर. शाळा रिकामी, शिपाई फळे पुसत होता. हिची शाळेतली खोली लांबट, आत एक कपाट, एक नकाशा आणि एक मोठं टेबल, ज्यावर आधीच्या गृहस्थांनी शाईचे डाग मागे ठेवले आहेत. किटली तिथेच, खिडकीत. राहत्या खोलीवर नाही. हिनं पाणी लावलं, पर्समधून दोन कप काढले. दोन. घरातलेच, माझा कान तुटलेला निळासुद्धा.

टेबलाचा एक पाय आखूड निघाला. हिनं कप ठेवला की टेबल डुगडुगायचं आणि चहा बशीत. शिपाई म्हणाला, "बाई, ते पहिल्यापासूनच तसं आहे. आधीचे सर एक हात टेबलावर दाबून बसायचे."

ही माझ्याकडे वळली. "डिकीत आहे ना अजून तो गठ्ठा?"

मी खाली गेलो आणि गठ्ठा घेऊन आलो. ही वाकून बघत होती, मी जमिनीवर गुडघे टेकून एकेक घडी पायाखाली सारत होतो. सहा पुरे झाल्या. आठवा लेख सगळ्यात वर आला, कारणांसंबंधीचा. ही म्हणाली, "सरळ लावा, उलटा आहे." सरळ लावला.

मग आम्ही चहा घेतला. टेबल हललं नाही. आठला घंटा झाली, ही उठली आणि पदर नीट करून दाराकडे गेली. तिथून म्हणाली, "चारला या. उरलेले पन्नास तेवढे खाली नेऊ नका, शाळेत टेबलं पुष्कळ आहेत."